“मृत्यू बरोब्बर सव्वानऊला झालाय”... असं कोणी सांगत नाही हो!

रहस्यकथा लिहिणाऱ्यांनो, बॉडीला हात लावून मिनिटासकट वेळ सांगणारा डॉक्टर आता रिटायर करा. खऱ्या तपासात अंदाजे रेंज मिळते, तीही कित्येक तासांची. शरीर तासाला साधारण दीड डिग्री फॅरेनहाइटने थंड होतं म्हणतात, पण अंगावर कपडे किती, माणूस जाड की बारीक, पंखा चालू होता का, ताप होता का, यावर सगळं गणित फिरतं. अंग ताठरणं २ ते ४ तासांत जबड्या-मानेकडे जाणवायला लागतं, १२ तासांच्या आसपास पूर्ण, मग हळूहळू सुटतं, आणि उकाड्यात हे सगळं लवकर उरकतं. म्हणून पोलीस शेवटचा फोन, सीसीटीव्ही, न उघडलेला पेपर बघतात. (प्लॉटलाही तेच जास्त कामाचं, खरंतर.)