त्सुइहो-मोनो (हकालपट्टीच्या कथा)

जपानी लोकप्रिय साहित्यातला एक कल्पनारम्य कथाप्रकार. ‘त्सुइहो’ म्हणजे हकालपट्टी, ‘मोनो’ म्हणजे त्या जातीची गोष्ट. राक्षसांशी लढत फिरणाऱ्या वीरांच्या चमूतून एका साहाय्यकाला बिनकामाचा ठरवून हाकलतात, आणि तो गेल्यावर चमूचे दिवस फिरतात. हा साहाय्यक जखमा भरणारा असतो, मंत्राने इतरांचे बळ वाढवणारा असतो, कधी नुसता सामान वाहणारा हमाल. २००४ साली सुरू झालेल्या ‘शोसेत्सुका नि नारो’ (चला, कादंबरीकार होऊया) या संकेतस्थळावर २०१०च्या दशकाच्या उत्तरार्धात अशा कथांचे उदंड पीक आले.

मुळे व्हिडिओ गेममध्ये आहेत. ‘ड्रॅगन क्वेस्ट’च्या पहिल्या भागात (१९८६) नायक एकटाच लढे. तिसऱ्या भागात (१९८८) खेळणारा रुइदाच्या गुत्त्यात जाऊन सोबती निवडतो, आणि नको झालेल्याला तिथेच ठेवून पुढे जातो. त्सुइहो-मोनो म्हणजे त्या गुत्त्यात मागे राहिलेल्याच्या तोंडून ऐकलेली हकिगत, असे म्हणायला हरकत नाही. याच मालिकेत ‘बाइकिरुतो’ हा मंत्र सोबत्याच्या वाराचे बळ दुप्पट करतो. पण पडद्यावर वाराचा आकडा उमटतो तो तलवार चालवणाऱ्याच्या नावापुढे. मंत्र म्हणणाऱ्याच्या नावावर काहीच जमा होत नाही. सगळा कथाप्रकार या एका हिशेबावर उभा आहे.

पहिले प्रकरण बहुधा सराईतल्या खोलीत घडते. म्होरक्या म्हणतो, ‘उद्यापासून येऊ नकोस, जाताना चिलखत काढून ठेव.’ दुसऱ्या-तिसऱ्या प्रकरणात तोच म्होरक्या नेहमीच्या लांडग्यावर वार करतो आणि पाते कातड्यातच अडकते. तो तलवारीला दोष देतो, रात्रीच्या अपुऱ्या झोपेला देतो; गेलेल्या माणसाचे नाव मात्र त्याला सुचत नाही. हे न सुचणे लेखक जितके लांबवेल तितकी गंमत वाढते. दरम्यान, पिकते तिथे न विकलेला नायक परगावी सोन्याच्या भावाने विकला जातो.

चमूच्या फजितीला जपानी वाचक ‘झामा’ म्हणतात. आपल्याकडच्या ‘बरी जिरली!’ची हुबेहूब छटा. म्होरक्या परत बोलवायला येतो तेव्हाचे ठरलेले उत्तर ‘मो ओसोइ’ (आता फार उशीर झाला) तर कित्येक कथांच्या शीर्षकातच असते. संकेतस्थळावर वाचकाने कथा जतन केली की २ गुण, आवडीचे आणखी जास्तीत जास्त १०. त्यावर क्रमवारी ठरते. त्यामुळे हकालपट्टी पहिल्याच प्रकरणात उरकावी लागते आणि शीर्षके वाक्याएवढी लांब होतात.

कर्मचाऱ्यांना पिळून घेणाऱ्या जपानी ‘ब्लॅक’ कंपन्यांची सावली या चमूंवर उघड दिसते. मात्र म्होरक्या इतका मठ्ठ रंगवला जातो की एवढी वर्षे हे वीर जगले कसे, असा प्रश्न पडावा. आपण नेमके काय करतो हे नायकाने कुणाला कधी सांगितलेच नसेल, तर चूक थोडी त्याचीही. या प्रश्नाला भिडणारे लेखक थोडे. झाप्पोन यांच्या कादंबरीमालेत (पुस्तकरूप २०१८, ॲनिमे २०२१) सूडापेक्षा सीमेवरच्या गावातल्या औषधी वनस्पतींच्या दुकानाला जास्त जागा आहे, म्हणून ती वेगळी वाटते.

स्त्रीनायिकेच्या आवृत्तीत चमूच्या जागी राजदरबार येतो. राजपुत्र लग्न मोडतो, ‘सेइजो’ला (पवित्र स्त्री) तोतया ठरवून हद्दपार करतो, आणि तिच्या प्रार्थनेवर टिकलेले राज्याभोवतीचे अदृश्य कुंपण ती सीमा ओलांडताच विरू लागते.