मानसिक विकार : व्याख्या, कारणमीमांसा व उपचार

विचार, भावना, आकलन किंवा वर्तन यांत बिघाड होऊन माणसाला दीर्घकाळ यातना होऊ लागल्या किंवा त्याचे रोजचे जगणे अडू लागले, की त्या अवस्थेला मानसशास्त्रात मानसिक विकार म्हणतात. नैराश्य, चिंताविकार, मंत्रचळ (नको ते विचार आणि त्यांपायी पुन्हा पुन्हा कराव्या लागणाऱ्या कृती), छिन्नमनस्कता (स्किझोफ्रेनिया), द्विध्रुवी विकार (कधी उन्माद, कधी नैराश्य) ही त्याची परिचित उदाहरणे. यांचे निदान रक्त तपासून किंवा मेंदूचे छायाचित्र काढून होत नाही. रुग्ण काय सांगतो, जवळची माणसे काय सांगतात आणि तज्ज्ञाला काय दिसते, यांवरच ते ठरते. या क्षेत्रातले बहुतेक वाद इथूनच सुरू होतात.

जे क्वचित आढळते तो विकार, असे म्हणावे तर विलक्षण बुद्धिमत्ताही विकार ठरेल. समाजाच्या रीतीत न बसणारे वर्तन म्हणजे विकार, ही कसोटी त्याहून घातक आहे. १८५१ मध्ये सॅम्युएल कार्टराइट या अमेरिकी डॉक्टराने गुलामांनी पळून जाण्यालाच ‘ड्रॅपेटोमेनिया’ हा रोग ठरवले होते. अमेरिकी मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेने समलैंगिकता आपल्या विकारांच्या यादीतून काढली ती १९७३ मध्ये. केवळ यातना हीही कसोटी पुरत नाही, कारण उन्मादाच्या भरात असलेला रुग्ण स्वतःला अतिशय आनंदी समजतो आणि त्याच आनंदात आयुष्यभराची पुंजी उधळून बसतो. जेरोम वेकफील्ड यांनी १९९२ मध्ये दोन अटी एकत्र घातल्या : मनाची एखादी नैसर्गिक यंत्रणा बिघडलेली असावी आणि त्या बिघाडाने माणसाचे नुकसान होत असावे. दुसरी अट समाजाच्या मूल्यांवर अवलंबून आहे, हे त्यांनी उघडपणे मान्य केले. ही मांडणी सर्वांत प्रामाणिक वाटते ती याचमुळे.

व्याख्येची खरी कसोटी लागते ती शोकापाशी. जवळचे माणूस गेल्यावर झोप उडते, भूक मरते, कशातच मन लागत नाही. नैराश्याची यादी वाचावी तशीच ही लक्षणे. वर आलेल्या अमेरिकी संघटनेच्या निदानपुस्तिकेत, म्हणजे विकारांच्या त्याच यादीत, पूर्वी मृत्यूनंतरच्या सुमारे दोन महिन्यांतील अशा अवस्थेला सहसा नैराश्य म्हणत नसत. २०१३ च्या आवृत्तीत ही सूट गेली. २०२२ च्या सुधारणेत ‘प्रदीर्घ शोक विकार’ आला आणि प्रौढांसाठी किमान एका वर्षाची मुदत ठरली. जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गीकरणात मात्र हीच मुदत सहा महिने आहे. शोक तोच, रेघा वेगवेगळ्या.

जर्मन मनोविकारतज्ज्ञ एमिल क्रेपेलिन यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस रुग्णांच्या वर्षानुवर्षांच्या वाटचालीवरून विकारांचे गट पाडले. आजच्या वर्गीकरणाचा सांगाडा बराचसा तोच आहे. तरीही १९६० च्या दशकात न्यूयॉर्कमधील डॉक्टर लंडनच्या तुलनेत कितीतरी अधिक रुग्णांना छिन्नमनस्क ठरवत होते. संशोधकांनी दोन्हीकडच्या रुग्णांना एकाच मापाने तपासले, तेव्हा तो फरक बहुतांशी मावळला. १९८० च्या निदानपुस्तिकेने प्रत्येक विकारासाठी लक्षणांची नेमकी यादी दिली. निदाने एकमेकांशी अधिक जुळू लागली, पण ती जुळतात म्हणून खरी असतातच असे नाही.

आणखी एक गफलत वारंवार होते. हा माणूस इतका उदास का? त्याला नैराश्य आहे म्हणून. नैराश्य आहे हे कशावरून? तो उदास आहे म्हणून. इथे नाव मिळाले, कारण मिळालेले नाही. कारण खरोखर सापडल्याचे ठळक उदाहरण म्हणजे ‘जनरल पॅरेसिस’. एकेकाळी मनोरुग्णालयांत याचे पुष्कळ रुग्ण असत. आपण सम्राट आहोत असे भ्रम, मग स्मृतिनाश, मग पक्षाघात आणि मृत्यू. १९१३ मध्ये नोगुची आणि मूर या संशोधकांना अशा रुग्णांच्या मेंदूत सिफिलिस या गुप्तरोगाचे जंतू सापडले. पुढे पेनिसिलिन आले आणि हा आजार मनोरुग्णालयांतून जवळजवळ नाहीसा झाला.

बाकीच्या विकारांत असा एकच गुन्हेगार हाती लागलेला नाही. एकसारख्या जुळ्यांपैकी एकाला छिन्नमनस्कता असेल, तर दुसऱ्याला ती होण्याचे प्रमाण ढोबळमानाने एक तृतीयांश ते निम्मे भरते. आनुवंशिकतेचा वाटा मोठा, पण सगळे जनुकांच्या हाती नाही. जन्मजात प्रवणता आणि आयुष्यातले आघात मिळून विकार घडवतात, ही मांडणी त्यामुळे रुजली. जॉर्ज एंगेल यांनी १९७७ मध्ये आजाराकडे जैविक, मानसिक आणि सामाजिक अशा तिन्ही अंगांनी पाहण्याचा आग्रह धरला, तो याच दिशेने.

विकार सुरू कशाने झाला आणि टिकून कशामुळे आहे, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. उपचारांना अनेकदा दुसऱ्याचेच उत्तर पुरते. मंत्रचळाचा रुग्ण दाराच्या कडीला हात लागताच धास्तावतो, हात धुतो आणि त्याला हायसे वाटते. हे हायसे वाटणेच विकाराला खतपाणी घालते, कारण न धुताही काही बिघडले नसते हे अनुभवायची संधी त्याला कधी मिळतच नाही. व्हिक्टर मायर यांनी १९६६ मध्ये रुग्णांना भीतीला सामोरे नेऊन धुण्यापासून रोखले आणि ते सुधारले. ही पद्धत आजही मंत्रचळावरचा प्रमुख मानसोपचार आहे. रुग्णाला तिचा त्रास होतो, म्हणून ती त्याच्या संमतीने आणि पायरीपायरीने करतात. नैराश्यात ॲरन बेक यांच्या बोधात्मक उपचारपद्धतीत ‘मी निरुपयोगी आहे’ यासारखे विचार पुराव्यावर तपासायला शिकवतात.

औषधे बहुधा योगायोगाने सापडली. १९५२ मध्ये पॅरिसमध्ये क्लोरप्रोमाझिन या औषधाने छिन्नमनस्कतेसारख्या विकारांतले भास आणि भ्रम ओसरू लागले. नैराश्यावरच्या अनेक गोळ्या मेंदूतील सेरोटोनिन या रसायनावर काम करतात, यावरून नैराश्य म्हणजे सेरोटोनिनची कमतरता असा समज पसरला. त्याला पुरेसा आधार नाही. गोळ्या मात्र अनेकांना उपयोगी पडतात. १९३८ मध्ये सुरू झालेला विजेच्या झटक्यांचा उपचार आज भूल देऊन करतात आणि तीव्र नैराश्यात तो अतिशय परिणामकारक आहे. त्याच दशकातील मेंदू कापण्याच्या शस्त्रक्रियेने हजारो आयुष्ये उद्ध्वस्त केली, आणि तिच्या जनकाला १९४९ मध्ये नोबेल मिळाले.

त्याच वर्षी ऑस्ट्रेलियात जॉन केड यांनी लिथियम या साध्या क्षाराने उन्माद शमतो, हे दाखवले. द्विध्रुवी विकारात ते पुढचे झटके आणि आत्महत्येचा धोका कमी करते. ते देताना रक्तातील प्रमाण नियमित मोजावे लागते, कारण उपयोगी मात्रा आणि विषारी मात्रा यांत अंतर थोडे आहे. मेंदूत ते नेमके काय करते, हे अजून पुरते उलगडलेले नाही.