डिजिटल स्वयंप्रश्नावली (आरोग्य-जोखीम तपासणी)

डॉक्टरांसमोर बसण्याआधी रुग्णाने मोबाइल, टॅबलेट किंवा संगणकावर प्रश्नांची उत्तरे स्वतःच भरायची आणि त्यांवरून त्याला कसला धोका संभवतो ते ताडायचे, अशी ही पद्धत. नैराश्य, दारू, घरातली मारहाण या विषयांवर रुग्ण आपणहून बोलत नाही. तिथे ती विशेष उपयोगी पडते. तिच्यातून निदान होत नाही, पुढे कोणाला नीट तपासायचे एवढेच ठरते.

रुग्णाची माहिती थेट संगणकाने विचारून घेण्याची प्रणाली विस्कॉन्सिन विद्यापीठातील वॉर्नर स्लॅक आणि सहकाऱ्यांनी १९६६ मध्ये प्रसिद्ध केली. यंत्रापुढे माणसे जास्त मोकळी होतात, याचा ठळक पुरावा अमेरिकेतल्या १९९५ च्या एका सर्वेक्षणातून मिळाला. १५ ते १९ वर्षांच्या मुलांपैकी काहींना कागदी अर्ज दिला, काहींना हेडफोनवर प्रश्न ऐकवून संगणकावर उत्तरे घेतली. सुईने घेतलेली नशा, समलिंगी संबंध यांची कबुली संगणकावर कितीतरी अधिक मिळाली. प्रश्न ऐकू येत असल्याने वाचता न येणाऱ्यालाही दुसऱ्याच्या तोंडून उत्तर द्यावे लागत नाही, हा या सोयीचा मोठा गुण.

महाराष्ट्रात तिशी ओलांडलेल्यांचा 'सीबॅक' अर्ज (मधुमेह, रक्तदाब यांसारख्या आजारांचा धोका ताडणारी यादी) आशाताई घरोघरी जाऊन भरतात. वय, तंबाखू, दारू, कमरेचा घेर, व्यायाम, घरच्यांचे आजार यांना गुण असतात. बेरीज चारच्या वर गेली की त्या व्यक्तीची तपासणी आधी. पण हे स्वयंभरण नव्हे. त्यात मन उदास असते का, असेही विचारतात; सासू आणि नवरा शेजारी बसलेले असताना याचे खरे उत्तर देणे अवघडच.

उदासीविषयीचे असेच प्रश्न नैराश्य ताडणाऱ्या 'पीएचक्यू-९' या प्रश्नावलीच्या आरंभी येतात. मागच्या दोन आठवड्यांबद्दलचे तिचे नऊ प्रश्न, 'अजिबात नाही' ते 'जवळजवळ रोज' अशी उत्तरे, प्रत्येकाला ० ते ३ गुण, कमाल २७. दहा किंवा अधिक गुण आले तर सविस्तर तपासणी करतात. नववा प्रश्न मरणाच्या किंवा स्वतःला इजा करण्याच्या विचारांचा. बेरीज कितीही कमी असो, इथे होकार आला तर त्याच दिवशी कोणीतरी रुग्णाशी बोललेच पाहिजे. उत्तर रात्री घरून भरले गेले आणि दवाखान्यात ते सोमवारी उघडले, तर तपासणीच धोक्याची ठरते. तत्काळ लक्ष घालणे शक्य नसेल तिथे हा प्रश्न वगळलेली 'पीएचक्यू-८' वापरतात.