सात सेंटिमीटर हवा, तरी हुडहुडी

‘जमिनीतून थंडी वर येते’ हे वाक्य तंबूत झोपणारा प्रत्येक जण कधी ना कधी म्हणतोच. मी म्हटलं ते पहाटे तीनच्या सुमाराला. माझ्याखाली ७ सेंटिमीटर जाडीची, नवीकोरी, फुगवायची मॅट होती. शेजारी मित्र जेमतेम दीड सेंटिमीटरच्या जुनाट, फोमच्या कॅरीमॅटवर घोरत होता. स्लीपिंग बॅगा दोघांच्या सारख्याच. तो गाढ झोपेत, आणि माझी पाठ बर्फाच्या लादीवर टेकल्यासारखी. हवा उष्णतेची दुर्वाहक असते, हे आपण शाळेत घोकलेलं. मग चौपट-पाचपट जाड हवेवर झोपलेल्याने का कुडकुडायचं?

स्लीपिंग बॅगेकडून पाठीला फारशी मदत नसते, हे आधी सांगून टाकतो. तिची ऊब तिच्या फुगीरपणात असते आणि पाठीखालचा भाग आपल्याच वजनाने चपटा होतो. खालची सगळी जबाबदारी मॅटवर येते.

मॅट गार का, याचं नेहमीचं उत्तर असतं की ‘आत हवा फिरते.’ म्हणजे अभिसरण. पण जरा थांबून बघा. इथे गरम बाजू वर आहे आणि गार बाजू खाली. गरम, हलकी हवा आधीच वर बसलेली आहे, तिला फिरायचं कारणच काय? पातेल्यातल्या पाण्याला वरून आच दिली तर तळ गारच राहतो, तसंच हे. आपण कूस बदलतो तेव्हा आतली हवा ढवळली जाते, मॅटच्या कडा गार पडतात, हे खरं. पण तेवढ्याने एवढी थंडी वाजू नये. वहनाचा, म्हणजे न हलणाऱ्या हवेतून एका कणाकडून दुसऱ्याकडे सरकणाऱ्या उष्णतेचा, हिशोब तर अगदीच किरकोळ आहे. वरचं कापड ३० अंश आणि खालचं ५ अंश सेल्सिअसला आहे, असं धरू. अंगाखाली येणारी जागा साधारण अर्धा चौरस मीटर. एवढ्या जागेतून ७ सेंटिमीटर स्थिर हवा ओलांडून जाते फक्त साडेचार वॅट उष्णता.

मग चोर कोण?

त्याचा माग अठराव्या शतकाच्या शेवटी जिनिव्हात झालेल्या एका प्रयोगात सापडतो. तो मला फार आवडतो. मार्क-ऑगस्त पिक्ते यांनी दोन अंतर्वक्र आरसे काही अंतरावर समोरासमोर ठेवले. एकाच्या नाभीवर (किरण एकवटतात त्या बिंदूवर) तापमापी, दुसऱ्याच्या नाभीवर बर्फ भरलेलं भांडं. मधे नुसती हवा. आणि तापमापीचा पारा उतरला! बघणाऱ्याला वाटावं, बर्फातून ‘थंडीचे किरण’ निघाले आणि आरशांवरून उसळून तापमापीवर पडले. पिएर प्रेव्हो यांनी १७९१ मध्ये याची उकल केली. थंडीचे किरण वगैरे काही नसतात. प्रत्येक वस्तू सतत किरणांच्या रूपात उष्णता बाहेर टाकत असते (हेच प्रारण), बर्फसुद्धा. तापमापी बर्फाकडे जास्त पाठवते आणि बर्फाकडून तिला कमी परत मिळते. या तुटीमुळे पारा उतरतो.

माझ्या मॅटमध्ये रात्रभर हाच व्यवहार चालू होता. वरचं कापड ही तापमापी, खालचं कापड हा बर्फ, आणि मधे ७ सेंटिमीटरची मोकळी पोकळी. या उष्णतेच्या, म्हणजे अवरक्त (इन्फ्रारेड) किरणांना हवेची आडकाठी जवळपास नसतेच.

आता थोडं गणित करू. नको असेल त्याने हा परिच्छेद ओलांडावा. १८७९ मध्ये जोसेफ स्टेफान यांनी मांडलं की वस्तूचं प्रारण तिच्या केल्विनमधल्या तापमानाच्या चौथ्या घाताच्या प्रमाणात असतं. १८८४ मध्ये बोल्ट्झमान यांनी त्याला सैद्धांतिक पाया दिला. या नियमाने वरचं कापड (३०३ केल्विन) दर चौरस मीटरला सुमारे ४८० वॅट खाली पाठवतं आणि खालचं कापड (२७८ केल्विन) सुमारे ३४० वॅट परत करतं. तूट १४० वॅट. कापड आदर्श काळी वस्तू (शक्य तेवढं सगळं प्रारण टाकणारी) नाही, दोन्ही कापडांची उत्सर्जकता, म्हणजे तिच्या तुलनेत प्रारण टाकण्याची क्षमता, ०.९च्या आसपास धरली तर तूट ११५वर येते. अर्ध्या चौरस मीटरला सत्तावन्न वॅट. आणि झोपलेलं माणसाचं शरीर मुळात उष्णता निर्माण करतं ती ७०-८० वॅटच्या घरात! कमाईचा बहुतेक भाग पाठीतूनच निघून चालला होता. वहनाने जाणाऱ्या साडेचार वॅटच्या शेजारी हा आकडा ठेवला की चोर कोण ते कळतं.

मित्राची कॅरीमॅट का जिंकली, तेही यातूनच उलगडतं. फोममध्ये बारीक बारीक बंद कप्पे असतात. प्रारणाला प्रत्येक कप्प्याची भिंत आडवी येते. ती किरण शोषते आणि निम्मे आल्या वाटेने परत धाडते. एका मोठ्या दालनाऐवजी शेकडो चिमुकल्या खोल्या. जाडी कमी असली तरी अडथळे किती तरी जास्त.

मग फुगवायच्या मॅटमध्येच असे अडथळे घातले तर? चांगल्या मॅट नेमकं हेच करतात. काहींच्या आत कृत्रिम तंतूंचा थर असतो, काहींत पक्ष्यांची मऊ पिसं, तर काहींत चकचकीत धातूचा मुलामा दिलेला पातळ पडदा. धातूची उत्सर्जकता फारच कमी, म्हणून दोन्ही बाजूंनी चकचकीत असा एकच पडदा प्रारण कागदोपत्री तिसाव्या हिश्शावर आणतो. प्रत्यक्षात शिवणी आणि जोड यांमधून उष्णता निसटतेच. जेम्स ड्यूअर यांनी १८९२ मध्ये बनवलेल्या थर्मासच्या बाटलीला आतून चांदीचा मुलामा असतो, तो याच कारणासाठी.

इथे एका भंपक दाव्याचा समाचार घेतो. ‘अंतराळ तंत्रज्ञान’ म्हणून विकली जाणारी चंदेरी चादर जमिनीवर अंथरा, ती शरीराची ९० टक्के उष्णता परत पाठवते, असं छातीठोकपणे सांगतात. परत पाठवायला समोर मोकळी पोकळी हवी ना! एका बाजूने मॅट टेकलेली, दुसऱ्या बाजूने जमीन टेकलेली. मधल्या चादरीतून उष्णता वहनाने सरळ पार होते. ओल अडवायला ती उपयोगी आहे, पण ते काम साधं प्लॅस्टिकही करतं. आणि जमिनीला अंग लावून झोपलं की ‘पृथ्वीची ऊर्जा’ मिळते म्हणणाऱ्यांनी वरचं गणित पुन्हा वाचावं. ऊर्जा कुठून कुठे जाते, ते त्यात आहे.

खरेदी करताना जाडीला भुलू नये, आर-व्हॅल्यू बघावी. हा उष्णतारोधाचा आकडा. पूर्वी जो तो आपल्या पद्धतीने मोजायचा. आता एएसटीएम या मानकं ठरवणाऱ्या संस्थेच्या एफ३३४० या मानकानुसार ३५ अंशांची गरम आणि ५ अंशांची गार पट्टी यांच्यामधे मॅट ठेवून मोजतात. आत काहीच नसलेल्या हवेच्या मॅटची आर-व्हॅल्यू १च्या आसपास, कॅरीमॅटची साधारण २. उन्हाळ्यात त्यावर भागतं. गोठणबिंदूच्या आसपास झोपायचं तर ४ किंवा जास्त, आणि बर्फावर ५च्या वर. सोयीची गोष्ट अशी, की या आकड्यांची थेट बेरीज होते. चारच्या मॅटखाली दोनची कॅरीमॅट घातली की झाले सहा.

रात्री मॅट मऊ पडते तेव्हा लगेच ‘पंक्चर’ म्हणू नये. फुगवताना ३४ अंशांवर असलेला श्वास ५ अंशांपर्यंत निवला की त्याचं आकारमान ९-१० टक्क्यांनी घटतं. त्यात श्वास दमट. साठेक लिटरची मॅट तोंडाने एकदा पूर्ण फुगवली की दोनेक ग्रॅम पाणी आत साचतं. पिसांच्या मॅटला हे मुळीच मानवत नाही, म्हणून तिच्यासोबत येणारी फुगवायची पिशवी वापरावी. निजण्याआधी, मॅट गार झाल्यावर, दोन फुंका आणखी मारायच्या.

जाडीचा खरा उपयोग आरामासाठी. कुशीवर झोपणाऱ्याचं वजन कंबर आणि खांद्यावर एकवटतं, त्यांना निदान सात-आठ सेंटिमीटर हवेत. पण टणक फुगवलेल्या मॅटवर अंग बुडतच नाही, टेकलेली जागा कमी राहते आणि दाब वाढतो. मॅटवर कुशीवर पडून झडप हळूहळू सैल करायची, कमरेचं हाड जमिनीपासून दोन-अडीच सेंटिमीटरवर आलं की बंद.

मी आता चकचकीत पडद्याची मॅट घेतली आहे. पाठ उबदार राहते. फक्त कूस बदलली की आतला पडदा जिलेटीनच्या कागदासारखा चुरचुरतो आणि शेजारचं घोरणं तेवढ्यापुरतं थांबतं.