दीपगृहांचे जतन

समुद्राची धूप, पडझड आणि दुर्लक्ष यांमुळे नाहीशी होऊ लागलेली जुनी दीपगृहे टिकवण्याचे काम गेल्या काही दशकांत अनेक देशांत उभे राहिले आहे. दीपगृहाची अडचण इतर जुन्या इमारतींहून वेगळी असते. वाडा किंवा देऊळ बांधताना माणूस चांगली जागा शोधतो. दीपगृह मात्र भूशिराच्या टोकाला, कड्याच्या कडेला, भरतीत बुडणाऱ्या खडकावर किंवा सरकत्या वाळूच्या बेटावर बांधावे लागते, कारण जहाजांना जिथे धोका तिथेच दिवा हवा. अशा जागी शंभर-दीडशे वर्षांत समुद्र पायाशी आला तर त्यात नवल नाही.

दुसरे संकट जमिनीवरून आले. विसाव्या शतकात विजेचे दिवे आणि स्वयंचलित यंत्रणा आल्या, पुढे रडार आणि उपग्रहावरून जहाजाचे ठिकाण सांगणारी साधने आली. दिवा सांभाळणाऱ्या माणसाची गरज उरली नाही आणि ती कुटुंबे मनोऱ्याखालच्या घरांतून उठून गेली. दिवा लावणे हा त्या माणसाच्या कामाचा एक भाग होता. भिंगे पुसणे, गळती बुजवणे, लोखंडी कठड्याचा गंज खरवडून रंग देणे, खिडक्या उघडून आत वारा खेळता ठेवणे ही कामेही तोच करी. तो गेल्यावर मनोरा कुलूपबंद झाला आणि आत ओल धरू लागली. भिंतीत बसवलेले लोखंड खाऱ्या हवेने गंजले की फुगते आणि भोवतालचा दगड फोडते. चुन्याच्या जुन्या बांधकामावर सिमेंटचा गिलावा किंवा हवा कोंडणारा रंग चढवला, तर आतला ओलावा बाहेर पडू शकत नाही आणि दुरुस्तीच नुकसानाचे कारण ठरते. समुद्र कडा खातो ते लांबूनही दिसते, ही झीज मात्र जिना चढून कोणी वर गेल्याशिवाय कळत नाही.

भिंगांचा प्रश्न आणखी नाजूक आहे. फ्रेंच अभियंता ऑग्युस्तँ फ्रेनेल यांनी घडवलेले लोलकांच्या कड्यांचे भिंग १८२३ मध्ये फ्रान्सच्या कोर्दुआँ दीपगृहात बसले. एका लहानशा ज्योतीचा प्रकाश एकवटून क्षितिजापर्यंत पोहोचवणारी ही रचना पुढे जगभर गेली. मोठी फिरती भिंगे पाऱ्याच्या कुंडात तरंगत ठेवलेली असत, त्यामुळे काही टन वजनाची काच हाताने ढकलली तरी फिरे. आज तोच पारा विषारी म्हणून काढून घ्यावा लागतो आणि मग भिंग थांबते. ते मनोऱ्यातच स्थिर ठेवावे की उतरवून संग्रहालयात न्यावे, यावर जाणकारांत मतभेद आहेत. काच सुरक्षित राहते म्हणून संग्रहालयाची बाजू भक्कम वाटते, पण भिंग गेले की मनोऱ्याचे वरचे दालन निव्वळ काचेची रिकामी खोली होऊन बसते.

केप हॅटरसचे स्थलांतर

या क्षेत्रातले सर्वांत मोठे धाडस अमेरिकेच्या नॉर्थ कॅरोलायना राज्यात झाले. हॅटरस बेटाजवळच्या उथळ वाळूच्या पट्ट्यांवर इतकी जहाजे फुटली की त्या भागाला ‘अटलांटिकची दफनभूमी’ म्हणतात. तिथे १८७० मध्ये आता काळ्या-पांढऱ्या मळसूत्री पट्ट्यांनी ओळखला जाणारा विटांचा मनोरा उभा राहिला. सुमारे २०० फूट उंचीचा हा मनोरा अमेरिकेतले सर्वांत उंच विटांचे दीपगृह आहे.

त्याचा पाया समजून घेण्यासारखा आहे. बांधणाऱ्यांना आधी जमिनीत खांब ठोकायचे होते, पण काही फुटांखाली वाळू इतकी घट्ट लागली की खांब आत जाईनात. तेव्हा बांधकामाचे प्रमुख डेक्स्टर स्टेटसन यांनी खड्ड्यातल्या गोड्या पाण्यात पाइनच्या तुळयांचे दोन थर आडवे-उभे अंथरले आणि त्यांवर ग्रॅनाइटचे दगड रचले. लाकूड कायम गोड्या पाण्याखाली राहिले तर हवा लागत नाही आणि ते कुजत नाही. हा हिशेब अचूक होता आणि शंभराहून अधिक वर्षे टिकला. भीती एकाच गोष्टीची होती : समुद्र जवळ आला की गोड्या पाण्याची जागा खारे पाणी घेईल, भोवतालची वाळू वाहून जाईल आणि तुळया उघड्या पडतील.

मनोरा बांधला तेव्हा समुद्र सुमारे १,५०० फुटांवर होता. १९३० च्या दशकात लाटा पायापाशी आल्या, तेव्हा दिवा जवळच्या पोलादी सांगाड्यावर हलवण्यात आला. किनारा थोडा सावरल्यावर १९५० मध्ये तो परत आला. नंतर समुद्रात आडवे बंधारे घातले, वाळूच्या पिशव्या रचल्या, किनाऱ्यावर वाळूची भर टाकली. प्रत्येक उपायाने काही वर्षे मिळाली. १९८८ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीच्या समितीने मनोरा उचलून आत नेणे हाच टिकाऊ मार्ग असल्याचे सांगितले. विरोध कडवा होता. विटांचा इतका उंच मनोरा हलवताना कोसळेल अशी अनेकांना भीती होती. बेटावरच्या लोकांना तो आपल्या जागेवरून हलणे पटत नव्हते. समुद्रासमोर भिंत बांधा, असा त्यांचा आग्रह होता. पण भिंत बांधली असती तर लगतचा किनारा आणखी वेगाने खचला असता आणि दीपगृह अखेर पाण्यातले बेट झाले असते. समितीचा सल्ला योग्य होता असे आज म्हणावे लागते.

१९९९ मध्ये मनोरा जुन्या पायापासून कापून वेगळा केला गेला. खाली पोलादी तुळया सरकवल्या आणि जॅकच्या साहाय्याने ४,८०० टनांहून अधिक वजनाचा मनोरा उचलला गेला. मग तो रुळांसारख्या पोलादी पट्ट्यांवरून मागून जॅकने रेटण्यात आला. एका रेट्यात जेमतेम पाच फूट अंतर जाई. पट्ट्यांना वंगण म्हणून साबणाच्या वड्या घासल्या जात आणि मनोरा किंचित कलला तरी कळावे म्हणून जागोजागी संवेदक लावले होते. १७ जूनला निघालेला मनोरा २,९०० फूट अंतर कापून ९ जुलैला नव्या जागी पोहोचला. रखवालदारांची घरे आणि तेलाची कोठीही सोबत हलवली, त्यामुळे सारा परिसर पूर्वीच्याच मांडणीत पुन्हा उभा राहिला. या कामाला एक कोटी डॉलरहून अधिक खर्च आला. समुद्र पुन्हा जवळपास १८७० इतकाच लांब गेला आणि नोव्हेंबरमध्ये दिवा लागला.

जुन्या पायातल्या दगडांवर तिथे काम केलेल्या रखवालदारांची नावे कोरून ते मूळ जागी वर्तुळात मांडले होते. वादळांनी त्यांवर वाळू चढवली, तेव्हा २०१५ मध्ये तेही मनोऱ्याजवळ आणावे लागले.

डेन्मार्कच्या उत्तर किनाऱ्यावरच्या रुब्येर्ग क्नूड दीपगृहावर आधी वाळूने घाला घातला. १९०० च्या डिसेंबरात ते लागले तेव्हा समुद्र सुमारे २०० मीटर लांब होता. पुढे वाऱ्याने उडवलेल्या वाळूच्या टेकड्या इतक्या उंचावल्या की समुद्रावरून दिवा दिसेना, आणि १९६८ मध्ये तो बंद झाला. घरांत उघडलेले संग्रहालयही वाळूखाली गेले. मनोरा कड्यापासून काही मीटरवर उरला तेव्हा, २२ ऑक्टोबर २०१९ रोजी, ७२० टनांचा तो मनोरा एका दिवसात ७० मीटर आत नेण्यात आला. या कामाचे नेतृत्व एका स्थानिक गवंड्याने केले. कडा दरवर्षी साधारण दोन मीटर खचतो, म्हणजे हे आयुष्य काही दशकांचेच आहे. जवळचे मोरुप गावचे मध्ययुगीन चर्च मात्र टप्प्याटप्प्याने उतरवून घ्यावे लागले.

सगळीकडे हे जमत नाही. इंग्लंडच्या सफक किनाऱ्यावरचे ऑर्फर्डनेस दीपगृह १७९२ चे. खडीचा किनारा झपाट्याने खचू लागल्यावर २०१३ मध्ये दिवा बंद झाला. स्थानिकांच्या न्यासाने खडी भरलेल्या पिशव्यांची फळी उभारून काही वर्षे ते धरून ठेवले, पण २०२० मध्ये ते पाडावे लागले. अमेरिकेच्या साउथ कॅरोलायनातील मॉरिस बेटावरचा १८७६ चा मनोरा आज चहूबाजूंनी पाण्यात उभा आहे. चार्ल्सटन बंदराचे तोंड खोल ठेवण्यासाठी घातलेल्या लांब बंधाऱ्यांनी प्रवाह बदलले आणि बेटच मनोऱ्याखालून निघून गेले. लोकवर्गणीतून उभ्या राहिलेल्या संस्थेने १९९९ मध्ये तो विकत घेतला आणि पुढे पायाभोवती पोलादी कडे घालून त्याला आधार दिला गेला. किनाऱ्यावर एका ठिकाणी केलेल्या बांधकामाचे भोग दुसऱ्या ठिकाणी उमटतात, याचे इतके ढळढळीत उदाहरण दुसरे नसेल.

कायदा आणि मालकी

दिवा बंद झाला की मालक कोण, हा प्रश्न जतनाच्या कामात वारंवार आडवा येतो. नौकानयन खात्याला जहाजांचे काम संपलेल्या इमारतीवर खर्च करण्याचे कारण उरत नाही. अमेरिकेने २००० मध्ये राष्ट्रीय ऐतिहासिक दीपगृह जतन कायदा करून यावर वाट काढली. त्यानुसार नको असलेली दीपगृहे आधी सरकारी संस्था व ना-नफा संस्थांना विनामूल्य देऊ केली जातात. कोणी पुढे आले नाही तरच लिलाव होतो. कोर्दुआँचे नशीब वेगळे. १६११ मध्ये पूर्ण झालेले हे दीपगृह २०२१ मध्ये जागतिक वारसा यादीत गेले.

भारतात १९२७ चा दीपगृह कायदा दीर्घकाळ लागू होता. त्याची जागा घेणाऱ्या २०२१ च्या कायद्यात एखाद्या दीपगृहाला वारसा दीपगृह म्हणून घोषित करण्याची आणि शिक्षण, संस्कृती व पर्यटनासाठी त्याचा विकास करण्याची तरतूद प्रथमच आली. २०२३ च्या सप्टेंबरात पहिला भारतीय दीपगृह महोत्सव गोव्यात आग्वादच्या किल्ल्यात भरला. तिथले १८६४ चे दीपगृह १९७६ पासून बंद आहे आणि जवळच नवे दीपगृह काम करते. फेब्रुवारी २०२४ मध्ये देशातील ७५ दीपगृहे पर्यटन सुविधांसह खुली झाली. पर्यटकांच्या तिकिटातून पैसा येतो हे खरे. पण बाग, बाके आणि रोषणाई झाली म्हणजे जतन झाले असे नाही. जुनी भिंगे, तेलाचे दिवे, घड्याळी यंत्रे आणि रोजनिशीच्या वह्या मनोऱ्यासोबत राहिल्या नाहीत तर बघायला फक्त जिना उरतो.

चेन्नईत याची चांगली बाजू दिसते. उच्च न्यायालयाच्या आवारातला १८४० च्या दशकातला दगडी स्तंभ एकेकाळी दीपगृह होता. नंतर दिवा न्यायालयाच्याच घुमटावर गेला आणि १९७७ मध्ये किनाऱ्यावरच्या नव्या मनोऱ्यात आला. काम संपूनही जुना स्तंभ पाडला नाही, म्हणून दिव्याचा सारा प्रवास शहरात अजून बघता येतो.

कोकणात हा प्रश्न किल्ल्यांशी जोडलेला आहे. शिवाजी महाराजांनी १६७९ मध्ये इंग्रजांच्या विरोधाला न जुमानता थळसमोरच्या खांदेरी बेटावर किल्ला उभारला. त्याच बेटावर १८६७ मध्ये दीपगृह लागले. बेटाला आता कान्होजी आंग्रे यांचे नाव आहे. कोळी बांधव तिथल्या वेताळाच्या दर्शनाला होड्यांनी जातात आणि पावसाळ्यात ही वाट बंद होते. २०२५ च्या जुलैत ‘भारताचे मराठा लष्करी भूप्रदेश’ या नावाने जागतिक वारसा यादीत गेलेल्या बारा किल्ल्यांत खांदेरी आहे. मात्र ही नोंद किल्ल्याची आहे. किल्ला राज्याच्या पुरातत्त्व खात्याकडे, तर दीपगृह मुंबई बंदराकडे. तट आणि मनोरा एकाच खडकावर, एकाच खाऱ्या वाऱ्यात उभे असल्याने दोन्ही खात्यांनी एकच आराखडा करणे इथे गरजेचे आहे. मनोऱ्याच्या डागडुजीत चुना वापरायचा की सिमेंट, होड्या कुठे लागायच्या आणि कोळ्यांची वेताळाची वाट कशी मोकळी ठेवायची, हे त्या आराखड्यात आधी ठरले पाहिजे.