तोफ थंड झाल्यावर

देवळाली कॅम्प, भगूर, नाशिकरोड या पट्ट्यात तोफेच्या आवाजाचं कुणाला अप्रूप नाही. स्कूल ऑफ आर्टिलरी देवळालीत, नव्या भरतीला घडवणारं आर्टिलरी सेंटर नाशिकरोडला, आणि ‘तोपची’ नावाचा वार्षिक सराव देवळालीच्या रेंजवर. तावदानं थरथरली की माणसं ‘आज फायरिंग दिसतंय’ म्हणतात आणि पुन्हा कामाला लागतात.

आपल्यापर्यंत येतो तो वाटेत विरलेला आवाज. तोफेपासून चार पावलांवर उभ्या असलेल्या गनरचा अनुभव निराळा असतो. 155 मिलिमीटरच्या तोफेचा एक गोळा 40 किलोंहून जड. तो सुटतो तेव्हा जमिनीवरची धूळ एकदम उसळते, अंगावरचा गणवेश फडफडतो आणि छातीवर कुणी तळहाताने जोरात ढकलावं तसा दाब जाणवतो. ही दाबलहर. कानातले बोळे आवाज अडवतात, ही लहर अडवत नाहीत. ती छातीतून जाते, कवटीतूनही जाते. एका गोळ्याने काही बिघडत नाही. प्रश्न शेकडो, हजारो गोळ्यांचा आहे.

हा प्रश्न शंभर वर्षांहून जुना आहे. 1915 साली चार्ल्स मायर्स या ब्रिटिश डॉक्टरने ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आघाडीवरून आलेल्या सैनिकांबद्दल लिहिलं. अंगावर मोठी जखम नाही, पण दृष्टी, चव, स्मरणशक्ती यांत बिघाड. त्याने याला ‘शेल शॉक’ म्हटलं. गोळ्याच्या स्फोटाने मेंदूला धक्का बसला असावा, हा तेव्हाचा सरळ तर्क. पुढे असे कितीतरी सैनिक समोर आले ज्यांच्या आसपास गोळा पडलाच नव्हता, आणि लक्षणं मात्र तीच. त्यामुळे पारडं दुसऱ्या टोकाला गेलं: हे सगळं मनाचं, काहींच्या मते तर भित्रेपणाचं. त्या संशयाची किंमत अनेक सैनिकांनी मोजली.

आज दोन्ही बाजूंना तथ्य होतं असं दिसतं. 2016 मध्ये डॅनियल पर्ल आणि सहकाऱ्यांनी स्फोटांना सामोरं गेलेल्या काही मृत अमेरिकी सैनिकांचे मेंदू सूक्ष्मदर्शकाखाली तपासले. मेंदूतला करडा आणि पांढरा भाग जिथे भेटतो, तिथे व्रणासारख्या खुणा सापडल्या. नमुना फार लहान होता, त्यामुळे त्यावर इमले बांधू नयेत. पण 2017 मध्ये सीरियातल्या रक्का शहराच्या लढाईत अमेरिकी मरीनच्या एका तोफखाना तुकडीने पाच महिन्यांत सुमारे 35,000 गोळे डागले, आणि परतलेल्या गनरपैकी अनेकांना झोप न लागणं, घबराट, विसराळूपणा असे त्रास झाल्याच्या बातम्या नंतर आल्या. शत्रूचा गोळा नव्हे, आपल्याच तोफेची दाबलहर हा आता संशोधनाचा विषय आहे. कारगिलच्या युद्धात आपल्या तोफखान्याने अडीच लाखांच्या आसपास गोळे डागले होते, हे लक्षात घेतलं तर तोफखान्याच्या या शहराने या संशोधनाकडे कुणाहीपेक्षा जास्त लक्ष द्यायला हवं, असं मला वाटतं.

दाबलहर ही झाली एक बाजू. दुसरी बाजू भीतीच्या आठवणीची. जिवावरचा प्रसंग येतो तेव्हा मेंदूतला अमिग्डाला हा बदामाएवढा भाग धोक्याची खूण करतो, नॉरअॅड्रेनलिन हे ताणाचं रसायन उसळतं आणि तो क्षण खोल कोरला जातो: वास, उजेड, आवाज सगळ्यासकट. हिप्पोकॅम्पस हा भाग एरवी आठवणीला जागा आणि वेळ जोडून देतो, म्हणजे ‘हे तिकडे घडलं, तेव्हा घडलं.’ अतिताणात ही जोडणी कच्ची राहते, असं मानलं जातं. मग आठवण भूतकाळात बसत नाही, आत्ताच घडल्यासारखी अंगावर येते. दुधानं तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो, तसं मेंदू सारख्या दिसणाऱ्या प्रत्येक गोष्टीला धोका समजू लागतो. निफाडकडच्या द्राक्षबागेत पाखरं उडवायला कुणी फटाका लावला आणि बांधावर उभा असलेला निवृत्त हवालदार क्षणात जमिनीला चिकटला, तर त्यात हसण्यासारखं काही नाही. त्याच्या शरीराने अनेक वर्षं शिकलेली गोष्ट चोख केली, फक्त चुकीच्या ठिकाणी.

असं महिन्याहून अधिक काळ चालू राहिलं, सोबत दुःस्वप्नं, सततचा सावधपणा, माणसं टाळणं आणि भावना बोथट होणं आलं, तर त्याला पीटीएसडी, म्हणजे आघातानंतरचा ताणविकार म्हणतात. अमेरिकी मनोविकार वर्गीकरणात हे निदान 1980 मध्ये आलं, व्हिएतनामहून परतलेल्या सैनिकांच्या रेट्यामुळे.

आता आकडे, कारण सिनेमांमुळे लढाई पाहिलेला प्रत्येक फौजी आतून मोडलेला असतो असा समज झाला आहे. व्हिएतनाममधल्या अमेरिकी सैनिकांच्या माहितीची 2006 मध्ये पुन्हा कसून छाननी झाली. आयुष्यात कधी ना कधी पीटीएसडी झालेले 18.7 टक्के निघाले, आणि युद्धानंतर दहा-बारा वर्षांनीही त्रास असलेले 9.1 टक्के. इराकला गेलेल्या ब्रिटिश सैनिकांत हे प्रमाण सुरुवातीला 4 टक्क्यांच्या आसपास होतं. हे आकडे लहान नाहीत. पण बहुसंख्य माणसं सावरतात. कोलंबिया विद्यापीठातले जॉर्ज बोनॅनो वर्षानुवर्षं हेच मांडत आले आहेत: आघातानंतर सर्वांत जास्त आढळणारी वाट सावरण्याची आहे.

मग कोण सावरतं आणि कोण अडकतं? काही भाग जन्मजात असावा. 2002 मध्ये जुळ्या भावांचा एक सुंदर अभ्यास झाला. एक व्हिएतनामला गेलेला, दुसरा घरीच. पीटीएसडी झालेल्या सैनिकाचा हिप्पोकॅम्पस लहान आढळला, आणि युद्ध न पाहिलेल्या त्याच्या एकसारख्या जुळ्या भावाचाही. म्हणजे लहान हिप्पोकॅम्पस हा आघाताचा परिणाम नसून आधीचीच नाजूक जागा असू शकते.

मला त्याहून मोलाचा वाटतो तो 2000 साली ख्रिस ब्रुइन आणि सहकाऱ्यांनी केलेला अनेक अभ्यासांचा एकत्रित धांडोळा. प्रसंग किती भयंकर होता याला महत्त्व होतंच. पण प्रसंगानंतर आधार न मिळणं आणि वर आणखी ताण येत राहणं, यांचा संबंध त्याहून ठळक निघाला.

देवळालीचाच इतिहास बघा. ब्रिटिश काळात मुदत संपलेले गोरे सैनिक इथे मायदेशी जाणाऱ्या जहाजाची वाट पाहत थांबत. जहाजं हिवाळ्याच्या हंगामातच सुटायची. हंगाम चुकला की महिनोन्‌महिने काम नाही, ऊन, हिवताप आणि दारू. इथे डोकं फिरलेल्यांची इतकी ख्याती झाली की या गावाच्या नावाने इंग्रजीत ‘डूलॅली’ हा शब्दच पडला. इथे कुणी त्यांच्यावर गोळ्या झाडत नव्हतं.

आपल्या जवानाचं ‘नंतर’ कसं असतं? सिन्नर किंवा येवल्याच्या पोराचं पोस्टिंग बर्फात आहे. रेंज मिळाली की संध्याकाळी घरून फोन: चुलत्याने बांध कोरला, सातबाऱ्यावर नाव चढलं नाही, आईचं ऑपरेशन ठरलंय. ऐकून घेण्यापलीकडे तो काही करू शकत नाही, आणि थोड्या वेळाने त्याला ड्युटीवर उभं राहायचं असतं. जमिनीचे आणि घरचे वाद हे आपल्या सैनिकांच्या ताणाचं जुनं कारण आहे. म्हणून जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात किंवा तहसीलमध्ये फौजीचा अर्ज लवकर निघणं, हेसुद्धा मी मानसिक आरोग्यसेवेतच धरतो. तिकडे युनिटमध्ये ‘बडी’ असतो, एकमेकांवर लक्ष ठेवणारी जोडी. जवान झोपत नाही, जेवत नाही, हे सर्वांत आधी बडीलाच कळतं.

तरी बोलणं अवघड. सैन्यात तब्येतीची श्रेणी ‘शेप’ (SHAPE) या पाच इंग्रजी अक्षरांत मोजतात आणि त्यातलं पहिलं अक्षर मनःस्थितीचं. ‘शेप वन’ असणं म्हणजे सगळं ठीक. ‘कॅटेगरी लागली’, म्हणजे श्रेणी खाली आली, तर बढती, पोस्टिंग, हातातलं शस्त्र, सगळ्याचा प्रश्न येतो. हाताशी शस्त्र असलेल्यांची तपासणी कडकच हवी, हे मान्य. पण त्रास सांगितल्याची शिक्षा होते असं वाटलं, की माणूस सांगायचंच बंद करतो.

पेन्शनवर आल्यावर गोष्ट सोपी होत नाही. जवान चाळिशीच्या आतबाहेर निवृत्त होतो. युनिट सुटतं, बडी सुटतो, आणि अनेकांच्या वाट्याला सातपूर-अंबडच्या कारखान्यात सिक्युरिटीची रात्रपाळी येते. झोपेचं आधीच मोडलेलं गणित आणखी मोडतं. कॅन्टीनची बाटली झोपेचं औषध बनते. तिने डोळा लागतो, पण झोप तुटक होते.

उपचार आहेत आणि ते काम करतात, हे मात्र पुरेसं सांगितलं जात नाही. मानसशास्त्रज्ञ एडना फोआ यांनी विकसित केलेल्या पद्धतीत साधारण 8 ते 15 बैठका असतात, प्रत्येकी दीड तासापर्यंतच्या. टाळत आलेली आठवण रुग्ण डोळे मिटून, वर्तमानकाळात, पुन्हा पुन्हा सांगतो, त्याचं रेकॉर्डिंग घरी ऐकतो. टाळलेल्या जागाही पायरीपायरीने गाठायच्या. आपल्या हवालदाराला आधी लांबच्या फटाक्याचं रेकॉर्डिंग ऐकावं लागेल, मग बाजारातली गर्दी, मग लग्नाची वरात. जुनी आठवण पुसली जात नाही. तिच्या शेजारी ‘आवाज झाला आणि काही झालं नाही’ अशी नवी आठवण तयार होते. सोबत सर्ट्रालिनसारखी औषधं काहींना उपयोगी पडतात. उलट, प्रसंग घडल्या-घडल्या सगळ्यांना बसवून ‘बोला, मोकळे व्हा’ म्हणणारी एकच सक्तीची बैठक पीटीएसडी टाळत नाही, काहींना ती त्रासदायकही ठरते, असं अभ्यासांच्या तपासणीत दिसलं आहे. घरच्यांनीही खोदून विचारू नये. जेवायला सोबत बसावं, झोप आणि दारू यांच्यावर नजर ठेवावी.

एका गोष्टीत मात्र थांबू नये. सिक्युरिटीच्या नोकरीसाठी अनेक माजी सैनिकांच्या घरी परवान्याची बारा बोअर बंदूक असते. इस्रायली सैन्याने 2006 मध्ये सैनिकांना आठवडाअखेरच्या सुट्टीत शस्त्र घरी नेण्यास मनाई केली, तेव्हा त्यांच्यातल्या आत्महत्या सुमारे 40 टक्क्यांनी घटल्या, आणि त्या आठवड्याच्या इतर दिवसांवरही सरकल्या नाहीत. ती ऊर्मी अनेकदा थोड्या काळाची असते. त्या वेळी बंदूक हाताशी नसणं जीव वाचवतं. घरात कुणी मरणाची भाषा करू लागलं तर बंदूक पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करता येते. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा मोफत क्रमांक मराठीतही चालतो, आणि सैन्यदलांसाठी त्याचा वेगळा कक्ष 1 डिसेंबर 2023 पासून पुण्याच्या एएफएमसीत, म्हणजे सैन्यदलांच्या वैद्यकीय महाविद्यालयात आहे. फोन त्यांनीच करायला हवा असं नाही. बायको किंवा मुलाने केला तरी चालतो.