पिस्तुलाचं मॅगझिन कंपनीचं की बाहेरचं? या वादाची पार्श्वभूमी

वरळीच्या रेंजवर स्टँडर्ड पिस्तूलची मॅच होती, शेवटचा टप्पा, १० सेकंदांत ५ राउंड, म्हणजे ५ गोळ्या, माझे दोन गेले आणि तिसरा सुटलाच नाही. ट्रिगर दाबतोय तर काहीच नाही. पिस्तूल होतं तसं समोर धरून डावा हात वर केला, रेंज ऑफिसर आले, वाकून बघितलं, मीही बघितलं. गोळी आत ढकलणारा बोल्ट अर्ध्यावर अडकलेला, पॉइंट टू-टूची (.२२ कॅलिबरची) ती इवलीशी गोळी नाक वर करून उभी आणि पितळेवर मॅगझिनची कड घासल्याची चमकदार रेघ. मॅगझिन, म्हणजे गोळ्या भरून पिस्तुलात सरकवायची डबी, क्लबने नुकतंच घेतलेलं होतं, पिस्तूल बनवणाऱ्या कंपनीचं नव्हे, बाहेरचं. मालफंक्शनची सोय नियमात आहे, पण एकदा लय तुटली की हात परत तसा येत नाही, आणि सहा महिने पहाटे साडेपाचला उठून भिंतीसमोर गोळी न भरता ड्राय प्रॅक्टिस केली होती त्याचं मला अजून वाईट वाटतं.

रेंजवर सगळ्यांनी एकच सांगितलं, "कंपनीचंच घ्यायचं, बाहेरचं हातात पण धरायचं नाही." दादरहून फास्ट पकडून ठाण्याला येईपर्यंत मलाही ते शंभर टक्के पटलेलं होतं. पण माझा वागळे इस्टेटमध्ये प्रेस टूलचा धंदा आहे, पत्रा कापणं, वाकवणं, डाय बनवणं हेच दिवसभर करतो, त्यामुळे "कंपनीचं" या शब्दावर माझा लगेच विश्वास बसत नाही. आमच्याच गल्लीत चार शेड अशा आहेत जिथला माल मोठ्या गाड्यांच्या कंपन्यांच्या डब्यात पॅक होऊन जातो आणि "जेन्युइन" म्हणून परत ठाण्यातच विकला जातो. म्हणून मग मॅगझिनचा इतिहास वाचायला घेतला, आणि तो वाचल्यावर वाटतं की हा वाद मुळात कंपनीचं विरुद्ध बाहेरचं असा नाहीच, ड्रॉइंग कोणाचं, ते कशासाठी काढलं होतं आणि माल गेटबाहेर जाण्याआधी कोणी तपासला, असा आहे.

आधी मॅगझिन म्हणजे काय ते सांगतो. पत्र्याची नळी, आत स्प्रिंग, स्प्रिंगवर गोळ्या वर ढकलणारा फॉलोअर, खाली बेसप्लेट आणि वरच्या टोकाला आत वळवलेल्या दोन कडा, त्यांना लिप्स म्हणतात. बस एवढंच. पण गोळी कधी सोडायची आणि कुठल्या कोनात सोडायची हे त्या दोन कडा ठरवतात. पत्रा वाकवला की तो थोडा परत उघडतो, याला आम्ही स्प्रिंगबॅक म्हणतो, आणि हार्डनिंगला घातला की अजून थोडा हलतो, आणि हार्डनिंग कमी झालं तर लिप्स वापरून वापरून फाकतात, जास्त झालं तर तडा जातो. डोळ्यांना दिसणार नाही एवढ्या फरकाने गोळीचं नाक वर उचललं जातं. पिस्तुलात सगळ्यात स्वस्त दिसणारा भाग हा, आणि जॅम झालं की बहुतेक वेळा पहिला संशय घ्यावा लागतो तोही यावरच.

सुरुवातीला तर मॅगझिन ही वेगळी विकत घ्यायची वस्तूच नव्हती. १८९६ चं माउझर पिस्तूल घ्या, त्याचं मॅगझिन ट्रिगरच्या पुढे पिस्तुलातच बसवलेलं, वरून पट्टीने १० राउंड आत ढकलायचे. निघणारं मॅगझिन रायफलसाठी जेम्स पॅरिस ली यांनी १८७९ ला पेटंट केलं होतं, पण ते ज्या ब्रिटिश ली-मेटफर्ड रायफलला आलं तिथेही सुरुवातीला मॅगझिन एका कडीने बंदुकीलाच अडकवलेलं असायचं, म्हणजे हरवू नये आणि दुसऱ्या बंदुकीत जाऊ नये. पिस्तुलाच्या मुठीत सरकवायचं मॅगझिन रूढ झालं ते ह्युगो बोर्खार्ट यांच्या १८९३ च्या पिस्तुलापासून, ८ राउंडचं, आणि त्यातून पुढे लुगर आलं, जे जर्मन सैन्याने १९०८ ला घेतलं. आणि इथे एक गोष्ट मला फार बोलकी वाटली, सैन्याच्या लुगरबरोबर दोन मॅगझिन यायची आणि दोन्हीच्या बुडावर त्याच पिस्तुलाचा नंबर मारलेला असायचा, दुसऱ्यावर नंबरसोबत अधिकचं चिन्ह. या पिस्तुलाला ही दोनच, बाकीची आपली नाहीत. त्या काळात हाताने घासून बसवलेले भाग असायचे त्यामुळे एकाचं दुसऱ्याला चालेलच याची खात्री नव्हती, म्हणून लग्न लावून दिलेलं.

अमेरिकेने २९ मार्च १९११ ला कोल्टचं .४५ पिस्तूल घेतलं, जॉन ब्राउनिंग यांचं डिझाइन, ७ राउंडचं मॅगझिन. मग दुसरं महायुद्ध आलं आणि लाखोंनी मॅगझिन लागायला लागली. ती कोणी बनवली? रिस्डन, स्कोव्हिल, जनरल शेव्हर. यातली जनरल शेव्हर नावावरूनच कळतं की दाढीच्या मशीनवाली कंपनी. पत्र्याचं प्रेसकाम ज्यांच्याकडे होतं त्यांना ड्रॉइंग दिलं, माप तपासायचं गेज दिलं, सरकारी इन्स्पेक्टर बसवला, आणि माल चालला, पिढ्यान्‌पिढ्या चालला, आजही ती जुनी मॅगझिन लोक जपून ठेवतात. म्हणजे ज्याला आज आपण अस्सल सैन्याचं मॅगझिन म्हणतो त्यातलं बरंचसं बाहेरच्या प्रेसकामवाल्यांचं जॉबवर्क आहे, आणि उत्तम आहे. हे वाचलं त्या दिवशी मी शेडमध्ये दोन पोरांना उभं करून सांगितलं, कारण त्यांना वाटतं आपण फक्त पत्रा ठोकतो.

बाहेरच्या मॅगझिनचा धंदा नंतर वाढला तोही स्वस्तात माल काढायचा म्हणून नाही, एका खऱ्या गरजेतून. कोल्टच्या त्या १९११ च्या पिस्तुलाचं मॅगझिन गोल नाकाच्या गोळीसाठी काढलेलं होतं. टार्गेट शूटर मात्र कागदावर स्वच्छ भोक पडावं म्हणून चपट्या तोंडाच्या गोळ्या वापरायचे, आणि चपटं तोंड रॅम्पवर, म्हणजे गोळी नळीत शिरते त्या उतारावर, अडकायचं. मग गोळी थोडी लवकर सुटेल अशा लिप्स आल्या, वेगळे फॉलोअर आले, आणि पुढे बिल विल्सन यांच्या कंपनीचं ४७ डी हे ८ राउंडचं स्टेनलेसचं मॅगझिन आलं ज्यावर स्पर्धेतल्या लोकांनी डोळे झाकून विश्वास ठेवला. इथे बाहेरचं मॅगझिन कंपनीच्या मॅगझिनपेक्षा जास्त भरवशाचं ठरलं, कारण गोळी बदलली होती आणि जुनं ड्रॉइंग जुन्या गोळीचं होतं. हा मुद्दा रेंजवर कोणी सांगत नाही.

अवघड प्रकरण सुरू झालं ते दुपदरी मॅगझिनने. १९३५ चं ब्राउनिंग हाय-पॉवर, ब्राउनिंग १९२६ मध्येच गेले होते, पिस्तूल पूर्ण केलं द्यूदोने सेव्ह यांनी आणि १३ राउंडचं दुपदरी मॅगझिनही त्यांचंच. खाली दोन रांगा आणि वर येताना एक, म्हणजे दोन लेनची ट्रॅफिक घोडबंदरला जशी एका लेनमध्ये शिरते तसं, आणि ते न अडकता व्हायला हवं, पत्रा बरोबर त्या उंचीवर बरोबर तेवढाच आत यायला हवा. याच पिस्तुलाची कॅनडात टोरांटोच्या इंग्लिस कंपनीने युद्धात बनवलेली आवृत्ती पुढे आपल्या इशापूरच्या रायफल फॅक्टरीत उतरली, ९ एमएम १ए, आपल्या सैन्याने आणि पोलिसांनी वर्षानुवर्षं वापरलेलं पिस्तूल हेच. १९८२ ला ऑस्ट्रियन सैन्याने ग्लॉक घेतलं, त्याचं १७ राउंडचं मॅगझिन प्लास्टिकचं आणि आत स्टीलचं अस्तर, पण सुरुवातीच्या मॅगझिनमध्ये अस्तर चारी बाजूंनी पूर्ण नव्हतं, त्यामुळे भरलं की ते फुगायचं आणि बटण दाबल्यावर आपोआप खाली पडायचं नाही. नंतर कंपनीनेच अस्तर पूर्ण केलं. तेही कंपनीचंच आणि हेही कंपनीचंच, फक्त ड्रॉइंग बदललं.

मग बाहेरच्या मॅगझिनचं नाव एवढं खराब का झालं? याला कारणं बरीच आहेत पण एक मोठं कारण अमेरिकेतला कायदा. सप्टेंबर १९९४ पासून सप्टेंबर २००४ पर्यंत तिथे १० पेक्षा जास्त राउंडची नवीन मॅगझिन सामान्य लोकांसाठी बनवायला बंदी होती, आधी बनलेली मात्र विकता येत होती. झालं, जुन्या कंपनीच्या मॅगझिनचे भाव चढले, ग्लॉकचं साधं मॅगझिन १०० डॉलरच्या वर गेलं, आणि गरीब शूटर मिळेल ते घेत सुटला. मागणी आहे, माल नाही, तपासणारा नाही, असं झालं की बाजारात काय येतं ते आपल्याला लॉकडाऊनमध्ये सॅनिटायझरच्या बाटल्यांवरून समजलंय. दहा वर्षांत ज्यांचे हात पोळले त्यांनी पुढच्या पिढीला सांगितलं, त्यांनी अजून पुढे, आणि ते वाक्य फिरत फिरत वरळीच्या रेंजवर माझ्यापर्यंत आलं.

याच्या उलटी गोष्ट बेरेटाची. अमेरिकन सैन्याने १९८५ ला बेरेटाचं ९ एमएम घेतलं, मॅगझिनचं कंत्राट पुढे चेकमेट नावाच्या कंपनीकडे गेलं, आणि २००३ नंतर इराकच्या पिठासारख्या बारीक वाळूत ती मॅगझिन अडकायला लागली. सगळ्यांनी चेकमेटला शिव्या घातल्या. पण पत्र्यावरचा तो जाड, खरबरीत फॉस्फेटचा थर सरकारच्याच स्पेसिफिकेशनमध्ये मागितलेला होता, खरबरीत पृष्ठभागावर वाळू धरून बसायची आणि राउंड वर सरकायचे नाहीत. नंतर गुळगुळीत कोटिंगची मॅगझिन आली तेव्हा ते निस्तरलं. व्हेंडरने ड्रॉइंगप्रमाणे काम केलं आणि बदनाम झाला, हे मी स्वतः धंद्यात सोसलंय, त्यामुळे ही गोष्ट वाचताना मला त्या माणसांचं खरंच दुःख झालं.

आणि मेक-गार. इटलीतल्या गार्दोने व्हाल त्रोंपिया गावातली कंपनी, १९६५ पासून मॅगझिन हेच काम. बेरेटाही त्याच गावची. मेक-गार किती तरी नामांकित पिस्तूल कंपन्यांना मॅगझिन बनवून देते, वर त्या कंपनीचा शिक्का, आणि तीच मेक-गार स्वतःच्या नावाने सुटी मॅगझिनही विकते. मग एक फॅक्टरीचं आणि दुसरं आफ्टरमार्केट, म्हणजे बाहेरचं, एकाच गावात एकाच शेडमध्ये झालेलं. याला काय म्हणणार?

आता आपल्याकडचं. नौपाड्यात आमच्या ओळखीचे एक काका आहेत, बँकेतून रिटायर झालेले, त्यांच्या वडिलांपासून चालत आलेलं वेब्ली अँड स्कॉटचं .३२ पिस्तूल आहे, लायसन्स दरवेळी वेळेवर रिन्यू करतात. आपल्याकडे ९ एमएम प्रोहिबिटेड बोअर, म्हणजे सामान्य लायसन्सवर न मिळणारं कॅलिबर, असल्यामुळे लायसन्सवाल्यांच्या घरात .३२ भरपूर. ते पिस्तूल बनणं कधीच बंद झालं, ओरिजिनल मॅगझिन एकच, आणि त्याची स्प्रिंग थकलेली. "अरे, कंपनीचंच घे म्हणतोस, पण कंपनी ते बनवतच नाही तर मी काय करू?" असं त्यांनी मला विचारलं आणि मला उत्तर देता आलं नाही. वाट्टेल तिथून मागवता पण येत नाही, शस्त्राचे सुटे भागही आर्म्स ॲक्टमध्ये येतात, लायसन्स असलेल्या डीलरकडूनच आणि कागद करूनच. त्यांनी तसंच एक बाहेरचं मॅगझिन घेतलं.

ते आणि जुनं शेजारी शेजारी ठेवून आम्ही डीलरच्या काउंटरवरच बघितलं. जुन्याच्या लिप्सची कड आतून बोट फिरवलं तर रेशमासारखी, नव्याची कड कापल्यावर साफच केली नव्हती, बर, म्हणजे कापताना उरलेली खरखरीत धार, तसाच, नखाला लागत होता. फॉलोअर हलवला तर जुना सरळ खाली जायचा, नवा एका बाजूला कलंडायचा. आणि .३२ ची खोड अशी की तिच्या केसला (पितळी कवचाला) मागे बारीकशी रिम, म्हणजे बाहेर आलेली कडा, असते, एकात एक अडकू नये म्हणून वरच्या राउंडची रिम खालच्या राउंडच्या रिमच्या पुढेच बसायला हवी, नाहीतर दोन्ही एकमेकांत अडकतात आणि मॅगझिन तिथेच थांबतं. पॉइंट टू-टूला तर रिम अजूनच मोठी. त्यामुळे आपल्याकडे जी दोन कॅलिबर सगळ्यात जास्त चालतात, रेंजवरची आणि घरातली, तीच मॅगझिनच्या बाबतीत सगळ्यात हट्टी आहेत, आणि ९ एमएम वापरणाऱ्या अमेरिकन लोकांचा अनुभव आपल्याला जसाच्या तसा लागू होत नाही.

काकांना मी जुन्याची स्प्रिंग लायसन्सवाल्या गनस्मिथकडून बदलून घ्यायला सांगितली, नव्या मॅगझिनचा विषय डीलरनेच मिटवला, परत घेतलं. स्प्रिंग भरून ठेवल्याने बसते असं ते समजत होते, म्हणून मॅगझिन कायम रिकामं ठेवायचे. चांगली स्प्रिंग भरून ठेवल्याने तेवढी थकत नाही जेवढी पुन्हा पुन्हा दाबून सोडल्याने थकते, शिवाय आपल्याकडे जून ते सप्टेंबर जी हवा असते तिने पत्र्याच्या आतून गंज धरतो तो वेगळाच.

क्लबमध्ये आम्ही आता सगळ्या मॅगझिनना बुडावर पेंटने नंबर टाकलेत, १ ते ९, लुगरवाल्यांसारखे, आणि वहीत लिहितो कुठल्या नंबरने किती राउंड गेले आणि कुठे अडकलं. माझी मॅच घालवलेलं ते ६ नंबरचं. पण तिसऱ्या महिन्यात वहीत ४ नंबरही दोनदा अडकलेलं निघालं, आणि ४ नंबर कंपनीचं आहे, डब्यासकट आलेलं. दोन्हीच्या लिप्स मी व्हर्नियरने मोजल्या, ४ नंबरच्या पुढून फाकल्यात. बाहेरच्या मालाचं ८ नंबर मात्र अजून एकदाही अडकलेलं नाही, पुढच्या मॅचला तेच घेऊन उभा राहणार आहे.